वाकड्या प्लेटा तेवढ्या राहिल्या

१. जे नव्हतं

शेडचं दार उघडलं तेव्हा रूपा वाहुळेला आधी वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच्याच आवारात शिरलो. शेड भलतीच मोठी दिसत होती. पलीकडची भिंत दिसत होती. शेंद्र्याची ही जागा भाड्यानं घेतल्यापासून तिनं ती भिंत कधी पाहिलीच नव्हती, कारण भिंतीच्या अलीकडे छतापर्यंत प्लेटा रचलेल्या असायच्या.

आज भिंत होती. प्लेटा नव्हत्या.

सेंट्रिंगच्या प्लेटा. स्लॅब टाकायचा म्हणजे आधी खाली लाकडी बल्ल्यांचा मांडव उभा करायचा, त्यावर या लोखंडी चौकोनी प्लेटा अंथरायच्या, त्यांवर सळई, सळईवर काँक्रीट. स्लॅब पक्का झाला की प्लेटा सोडवून पुढच्या घराला. रूपाच्या प्लेटांनी कन्नड तालुक्यातल्या किती अंगणवाड्या, शाळाखोल्या आणि स्मशानशेड डोक्यावर पेलल्या होत्या, ते त्या प्लेटांनाच ठाऊक. प्रत्येकीच्या कडेला निळ्या रंगाचा पट्टा होता. या धंद्यात प्रत्येकाचा रंग असतो, नाहीतर एकाची प्लेट दुसऱ्याच्या घरी नांदायला जाते.

रूपा जिल्हा परिषदेची ठेकेदार. गावातली कामं मिळायची, गावापुरतीच मिळायची. आता तिनं राज्याच्या बांधकाम खात्याकडे नोंदणीसाठी अर्ज केला होता. सगळे कागद पास झाले होते. राहिली होती ती स्थळपाहणी: खात्याचे उपअभियंता येणार, यंत्रं आणि सामान खरंच अर्जदाराचं आहे का ते डोळ्यांनी बघणार, आणि मग सही. पाहणी उद्या सकाळी होती. कन्नडला मुलींचं सरकारी वसतिगृह व्हायचं होतं, त्याचं टेंडर याच आठवड्यात बंद होत होतं आणि ते फक्त राज्याकडे नोंद असलेल्यालाच भरता येणार होतं. ज्या गावात ती स्वतः मैत्रिणीच्या घरी पथारी टाकून बारावी झाली, त्या गावातलं वसतिगृह.

ती रिकाम्या शेडमध्ये उभी राहिली. मग तिनं फोन काढला आणि पोलिसांना लावला नाही.

पोलिसांत गेलं की बातमी खात्यात पोचणार. अर्जदाराचं सामान चोरीला, असा शेरा फायलीवर पडला की ती फाईल कुठल्या कपाटात झोपी जाईल, सांगता येत नाही.

तिनं नजमुन्निसाला फोन लावला.

२. जे होतं

नजमुन्निसा आपा विमा कंपन्यांसाठी नुकसानीची पाहणी करायच्या. गोदामाला आग लागली, क्रेन पडली, माल बुडाला, की आपांची जुनी स्कुटी तिथं हजर. लोक दहा लाख बुडाले म्हणत आणि आपा राखेत बोट घालून म्हणत, "दो लाख, भाईसाब, त्यातले पन्नास उंदरांनी आधीच खाल्ले होते." वादळात रूपाच्या शेडचे पत्रे उडाले होते तेव्हा दोघींची ओळख झाली. दाव्यातला निम्मा भाग आपांनी कापला होता. तरी मैत्री झाली, यावरून दोघींचा स्वभाव कळावा.

आपा आल्या, डोक्यावरचा दुपट्टा सारखा केला, आणि रिकाम्या जागेकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"गेलं ते काय बघायचं," त्या म्हणाल्या. "ते तर गेलं. काय राहिलंय ते दाखव."

राहिलं बरंच होतं. काँक्रीट मिक्सर होता. दोन व्हायब्रेटर होते, त्यांच्या मोटारीत तांब्याची तार. सळईचे तुकडे होते. बल्ल्या होत्या, सगळ्याच्या सगळ्या, भिंतीला टेकवून ठेवलेल्या. दाराचं कुलूप धड होतं. आणि कोपऱ्यात एक ढीग होता वाकड्या प्लेटांचा, ज्यांचे कोपरे ट्रकखाली येऊन मुडपले होते.

"या का ठेवून गेला?" आपांनी विचारलं.

"वाकड्या आहेत."

"ते दिसतंय मला. चोराला काय त्याचं? त्याला काय लेकीसाठी स्थळ बघायचंय?"

रूपाला हसू आलं नाही. ती म्हणाली, "बाकी काही गेलं नाही. हां, काळ्या ऑईलचा डबा गेलाय. प्लेटांना लावायचा. जळकं ऑईल, गॅरेजवाले फुकट देतात. जाऊ दे ते."

"जाऊ कशाला दे?" आपा खाली बसल्या. डबा जिथं असायचा तिथं जमिनीवर एक गोल काळा डाग होता. त्या त्याच्याकडे इतका वेळ बघत राहिल्या की रूपाला वाटलं, आपांना झोप लागली.

"किल्ल्या कोणाकडे?"

"माझ्याकडे. जागेचे मालक सर्जेराव, त्यांच्याकडे. आणि आमचे सेंट्रिंगवाले याह्याचाचा, त्यांच्याकडे."

"आणि ही पाहणी झाली नाही तर खुश कोण होईल?"

रूपानं उत्तर द्यायला वेळ लावला नाही. "बद्रीनाथ ठोंबरे."

बद्रीनाथकडे राज्याची नोंदणी होती आणि काम करायचा कंटाळाही. रूपानं त्याच्या नावावर दोन इमारती उभ्या केल्या होत्या. पाटीवर नाव त्याचं, घाम हिचा. हिची स्वतःची नोंदणी झाली की त्याची पाटी रिकामी.

"चल," आपा म्हणाल्या, "तिघांशी बोलू. प्रश्न साधेच विचारायचे. माणूस अवघड प्रश्नाला तयारी करून येतो."

३. फक्त उत्तरं

सर्जेराव, ओट्यावर बसून:

"व्हय, किल्ली हाय ना. हाय म्हंजे खिळ्याला टांगलेली हाय. … नाय, रात्री मी नव्हतो, कुंभेफळला पुतण्याची हळद होती. … टेम्पोचा आवाज आला म्हणतात घरचे. दोन-तीनदा आला. पण बाई, या रस्त्याला रातभर टेम्पोच हायेत, कंपन्या झाल्यापासून झोप कोणाला लागती? … मला काय करायच्या त्या प्लेटा? माझं घर पत्र्याचं. पोरगं म्हणतं बांधायचं नाय, शहरात फ्लॅट घ्यायचा. … संशय? विचारता म्हणून सांगतो. त्या बद्रीनाथशेठची पांढरी गाडी परवा इथून लई हळू गेली. काच खाली करून बघत होता."

बद्रीनाथ ठोंबरे, फोनवर, स्पीकर चालू:

"बोला रूपाताई. … चोरी? अरेरे. वाईट झालं. पण खरं सांगू, एका अर्थी बरंच झालं. … तसं नाही हो. वसतिगृहाचं टेंडर माझ्या नावानं भरू, काम तुम्ही करा, पहिल्यासारखं. कशाला त्या राज्याच्या भानगडीत पडता? … या कोण बोलतायत? … विमावाल्या? मॅडम, माझ्याच प्लेटा ठेवायला मला जागा नाही. मागच्या महिन्यात ट्रकभर भंगारात काढल्या. सरळ, वाकड्या, सगळ्या एकदम. भंगारवाल्याला वजनाशी मतलब, तो निवडत बसत नाही. … परवा? हो, गेलो होतो शेंद्र्याला. रूपाताईंची जागा बघितली. बघायला बंदी आहे का?"

याह्याचाचा, फोन गेल्याबरोबर दौलताबादहून मोटारसायकलवर आलेले:

"सलाम आपा. ताई, तुमचा फोन आला तसा निघालो. … हां, किल्ली माझ्याजवळच आहे, ही काय. … भंगारवाल्यांचं काम असंल. नाय तर कोणाचं? … पोलिसात नका जाऊ, ताई. आजचा दिवस थांबा. मिळतील प्लेटा. … असंच, दिल कहता है. … हे हाताला? रेड ऑक्साइड, लोखंडाचा लाल रंग. घराच्या खिडक्यांना जाळ्या बसवल्या, त्यांना लावतोय. … पोरगी निलोफर बरी आहे, आपा, दुवा आहे तुमची. सिव्हिलचा डिप्लोमा झाला तिचा. … नोकरी नाय. फिरते कागदपत्रं गोळा करत. … ताई, मी निघू? दुपारच्या आत घरी पोचायला पाहिजे. जाळ्या तशाच टाकून आलोय."

४. मध्येच एक फोन

"रूपा वाहुळे? बांधकाम खात्यातून बोलतोय. उद्याची पाहणी नक्की आहे ना? साहेब आज दौलताबादकडच्या करतायत, दुपारनंतर. उद्या सकाळी पहिली तुमचीच. सामान एका जागी लावून ठेवा, साहेबांना हिंडायला लावू नका."

"हो सर," रूपा म्हणाली. "सगळं एका जागीच आहे."

ते खरंच होतं. कुठल्या जागी, एवढंच तिला माहीत नव्हतं.

५. तीन कारणं

चहा आला. आपांनी बशीत ओतला, प्यायला नाही.

"रूपा, प्लेटा कोणी कशाला नेईल? तीनच कारणं. एक, विकायला. दोन, वापरायला. तिसरं नंतर सांगते."

"विकायलाच नेल्या असणार."

"विकायला म्हणजे भंगारात. मग तांब्याच्या मोटारी सोडल्या कशा? आणि वाकड्या ठेवल्या कशा? तुझ्या बद्रीनाथनंच सांगितलं ना, भंगारवाला वजन बघतो, रूप बघत नाही. फुकटचं लोखंड कोणी निवडून घेतं का? नक्को."

"मग वापरायला. कोणीतरी कुठंतरी स्लॅब टाकतोय." रूपाचा आवाज चढला. "आणि टाकला असेल तर संपलं. आठवडाभर त्या खालून निघणार नाहीत. म्हणून ऑईल नेलं. काँक्रीट चिकटू नये म्हणून लावतातच."

"मग बल्ल्या?"

रूपानं भिंतीला टेकवलेल्या बल्ल्यांकडे बघितलं.

"प्लेटा हवेत तरंगतात का? ज्याच्याकडे बल्ल्यांचा मांडव आहे त्याच्याकडे प्लेटाही असतात. ज्याच्याकडे काहीच नाही तो दोन्ही नेईल. आणि मला सांग, तुझ्या स्लॅबला कडेला काय लावता?"

"वाकड्याच," रूपा सावकाश म्हणाली. "कोपऱ्यात, कडेला, जिथं पूर्ण प्लेट बसत नाही तिथं. वाकड्यांशिवाय स्लॅब पुरा होत नाही."

"तर विकणारा वाकड्या नेईल. वापरणाराही नेईल. वाकड्या सोडून फक्त सरळ, देखण्या प्लेटा कोण नेईल? आणि वर फुकटचं ऑईल, ज्यानं गंजलेली प्लेटसुद्धा नव्यासारखी चमकते?"

रूपानं कप खाली ठेवला.

"दाखवायला," ती म्हणाली.

"ते तिसरं कारण."

धंद्यात ही चाल जुनी होती. स्वतःचं सामान नसलेले ठेकेदार पाहणीच्या दिवसापुरतं दुसऱ्याचं आणून मांडतात. रंगाच्या पट्ट्यावर आपला पट्टा ओढतात. साहेब बघतात, सही करतात, संध्याकाळी सामान मूळ घरी. रूपाला हे ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं. फक्त आजपर्यंत लोक विचारून नेत.

"आज पाहणी कोणाकडे आहे?" आपा म्हणाल्या. "आत्ताच फोनवर ऐकलंस. आणि हाताला रंग कोणाच्या आहे? जाळीला ब्रश लावणाऱ्याची बोटं माखतात. त्याचा आख्खा तळवा लाल होता. जड, सपाट वस्तू उचलून ठेवताना होतो तसा. दुपारच्या आत घरी कोणाला पोचायचं होतं? आणि डिप्लोमा झालेली मुलगी, नोकरी नाही, फिरते कागदपत्रं गोळा करत. नोंदणीचीच असणार ती."

रूपाला राग यायला हवा होता. आधी आलं ते दुसरंच काही. याह्याचाचांनी तिला पहिली प्लेट बसवायला शिकवली होती. तिच्या पहिल्या स्लॅबच्या दिवशी ते रोजे असूनही दिवसभर उन्हात उभे होते.

"संध्याकाळी परत आणून ठेवणार असतील," ती म्हणाली. "म्हणून म्हणाले, आजचा दिवस थांबा."

"हां. तूच एक दिवस आधी येऊन बघितलंस. नाहीतर तुला कळलंही नसतं."

"मग येऊ देत परत. मी काही बोलत नाही."

आपांनी मान हलवली. "पोरी, नीट विचार कर. साहेब एकच आहेत."

रूपा उठली आणि पिकअपची किल्ली घेतली.

६. रस्त्यात

"आज त्यांच्याकडे बघतील, उद्या माझ्याकडे."

"त्याच प्लेटा."

"त्याच. आणि इतकी वर्षं प्लेटा बघणारा माणूस. पोचे ओळखेल, वेल्डिंग ओळखेल. पट्टा लाल असो की निळा."

"मग तो काय म्हणेल?"

"म्हणेल, दोघींनी एकच सामान दाखवलं. दोघींचाही अर्ज बाद. आणि माझंच सामान भाड्यानं आणलेलं ठरेल, आपा. चोर मी ठरेन."

"सिग्नल लाल आहे."

"बघितलं."

"बघून जातेयस?"

"आपा, तुम्ही विमा काढलाय ना?"

"माझा काढलाय. तुझा तर मी कापूनच टाकते."

"मिल कॉर्नरला गर्दी असेल."

"मग छावणीतून घे. आणि पोचल्यावर काय करणार? त्याच्यावर ओरडणार?"

"माहीत नाही."

"त्याच्या मुलीसमोर?"

"माहीत नाही म्हटलं ना."

"बरं. पडेगावच्या पुढं स्पीडब्रेकर आहे. … होता."

"आपा, समोर बघा."

"काय?"

"पांढरी गाडी. महाराष्ट्र शासन लिहिलंय."

७. लाल, खाली निळा

सरकारी गाडी दौलताबादच्या वेशीपर्यंत त्यांच्या पुढे होती. रूपाला ओव्हरटेक करायला जागा मिळेना. टुरिस्टच्या बस, सीताफळाच्या पाट्या, मध्येच उभे रिक्षावाले. याह्याचाचांच्या गल्लीच्या तोंडाशी गाडीचा इंडिकेटर लागला, रूपानं डोळे मिटले, आणि गाडी विरुद्ध बाजूला, किल्ल्याच्या पार्किंगकडे वळली. तिच्यातून एक जोडपं उतरलं आणि दोन मुलं. मुलांनी लगेच आइस्क्रीम मागितलं.

"सरकारी गाडीतून किल्ला दाखवतोय," आपा म्हणाल्या. "याचाही दावा कापायला पाहिजे."

रूपाला हसू फुटलं. सकाळपासून पहिल्यांदा.

याह्याचाचांच्या घरामागच्या मोकळ्या जागेत प्लेटा रचलेल्या होत्या. लाल पट्ट्यांच्या, तेलानं चमकणाऱ्या, इतक्या देखण्या की रूपानं त्यांना इतकं सजलेलं कधी पाहिलं नव्हतं. चाचा बाजेवर खाली मान घालून बसले होते. आणि निलोफर, बाह्या वर करून, केरोसिनच्या बोळ्यानं एकेक पट्टा पुसत होती. लाल पोपडे सुटून खाली पडत होते. खाली निळा होता.

पिकअप बघून ती उभी राहिली. हातातला बोळा तिनं सोडला नाही.

"रूपादीदी, मी साहेबांना फोन केला," ती एका दमात म्हणाली. "सांगितलं, माझ्याकडे प्लेटा नाहीत, येऊ नका. ते बरं म्हणाले. ते येत नाहीयेत. टेम्पोवाल्यालाही बोलावलंय, संध्याकाळपर्यंत सगळ्या परत शेंद्र्याला. अब्बांनी मला सांगितलं होतं भाड्यानं आणल्यात. ते शेंद्र्याहून परत आले, तोवर मी हात लावून बघितला तर रंग बोटाला आला. खाली निळा. दीदी, मी लहानपणी अब्बांचा डबा घेऊन यायचे तुमच्या साईटवर. मला निळा माहीत नसेल का?"

रूपा बाजूच्या दगडावर बसली. आपा मात्र एका प्लेटेजवळ वाकल्या होत्या.

"याह्याभाई, रंग चिकटला कसा नाही?"

"ऑईलवर कुठं रंग चिकटतो?" चाचा खालीच बघत म्हणाले.

"मग आधी ऑईल का लावलंत?"

चाचांनी पहिल्यांदा मान वर केली. प्रश्नच त्यांना नवा होता. "प्लेट हातात आली की आधी ऑईलच लावतात, आपा. दुसरं काय लावणार? चाळीस वर्षं तेच करतोय. रात्री अंधारात हात आपोआप चालले. रंगाचं सकाळी ध्यानात आलं."

निलोफरनं तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. रूपाला वाटलं रडतेय. पण ती हसत होती, रागानं आणि नाइलाजानं.

"अब्बा, चोरी पण सेंट्रिंगसारखी केली तुम्ही."

"चाचा," रूपा म्हणाली, "मला विचारलं का नाही?"

त्यांनी तळव्यावरचा लाल रंग अंगठ्यानं चोळला. मग म्हणाले, "विचारलं असतं तर तुम्ही नाय म्हणाला असता. बरोबरच म्हणाला असता. राज्यात दोघी एका टेंडरला बसल्या तर? … ताई, तुम्ही अंगणवाड्या बांधत बांधत इथवर आलात. दहा-बारा वर्षं. मी बघितलंय, बिल पास करायला तुम्ही पंचायतीच्या पायऱ्यांवर बसायच्या. माझ्या पोरीनं त्या पायऱ्यांवर बसू नये असं वाटलं. एकदम वरच्या मजल्यावर चढवावं तिला. आमच्याकडे जिना नव्हता, म्हणून तुमचा उचलला."

रूपा दगडावरून उठली.

"बोळा आहे का आणखी एक?" तिनं निलोफरला विचारलं.

८. पाहणी

उपअभियंता साहेब गाडीतून उतरले तेव्हा शेड भरलेली होती. पलीकडची भिंत दिसत नव्हती. साहेबांनी मिक्सर बघितला, व्हायब्रेटर चालू करायला लावला, बल्ल्या मोजल्यासारख्या केल्या. मग प्लेटांपाशी येऊन नाक वर केलं.

"केरोसिनचा वास येतोय."

"पट्टे पुसले, साहेब," रूपा म्हणाली. "रंग खराब झाला होता."

साहेबांनी एक प्लेट तिरपी करून मागचं वेल्डिंग बघितलं. दुसरी बघितली. वाकड्या ढिगापाशी थांबले आणि त्यांचा चेहरा सैल झाला.

"या ठेवल्यात, हे चांगलं केलंत. ज्यांच्याकडे सगळ्याच सरळ असतात ना, त्या त्यांच्या नसतात." त्यांनी पेन काढलं. सही करताना म्हणाले, "काल एका मुलीचा फोन आला. दौलताबादची. म्हणाली, माझ्याकडे सामान नाही, येऊ नका. माझ्या नोकरीत असा फोन कोणी केला नव्हता. लोक मांडव सुद्धा भाड्यानं उभा करतात. तुमच्याच लाईनीत आहे, ओळखता का?"

रूपानं शेडच्या दाराकडे बघितलं. चाचा बाहेर मोटारसायकलीपाशी उभे होते, आत यायला तयार नव्हते. निलोफर दारात होती. तिनं दाराची चौकट धरली होती.

सही झाली होती. पण कागद अजून साहेबांच्या हातात होता.

"ओळखते, साहेब," रूपा म्हणाली. "ती दारात उभी आहे."

साहेबांनी वळून बघितलं. एकदा निलोफरकडे, एकदा तिच्या नखांतल्या लाल कडांकडे, एकदा प्लेटांच्या निळ्या पट्ट्यांकडे. त्यांना काय कळलं आणि काय नाही, ते त्यांच्या तोंडावर उमटलं नाही. त्यांनी कागद रूपाच्या हातात दिला.

"मुली," ते निलोफरला म्हणाले, "आधी जिल्हा परिषदेत नोंदणी कर. तिथं सामान दाखवावं लागत नाही. काम करून दाखवावं लागतं."

गाडी गेली. मग रूपा वाकड्या ढिगावरच बसली, कागद मांडीवर ठेवून, आणि लांब श्वास सोडला. बद्रीनाथचा फोन वाजत होता. तिनं तो वाजू दिला.

निलोफर जवळ आली. "दीदी, जिल्हा परिषदेत पहिलं काम मिळायला किती वेळ लागतो?"

"मला लागला बराच. मला कोणी सांगणारं नव्हतं, कुठल्या खोलीत जायचं ते."

"कुठल्या खोलीत जायचं?"

"सोमवारी ये. मी येते सोबत." रूपानं दाराबाहेर बघून आवाज चढवला. "आणि चाचा, आत या. वसतिगृहाचा स्लॅब मोठा आहे, तो काय मी एकटी टाकणार?"

चाचा आत आले. प्लेटांकडे बघून त्यांनी सवयीनं ऑईलच्या डब्याकडे हात नेला, मग काहीतरी आठवून मागे घेतला.

"लावा, लावा," नजमुन्निसा आपा म्हणाल्या. "आता पाहणी झाली."